मुंबई उपनगरांतील कुटुंबांची मांस-मासळीची मागणी : किंमत, उत्पन्न आणि बदलती प्रत

सारांश

मांस, मासळी व अंडी यांची कौटुंबिक मागणी किंमत व उत्पन्न या दोन घटकांनी कशी घडते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात मुंबई उपनगरांच्या संदर्भात केले आहे. किंमत वाढली की मागणी घटते आणि उत्पन्न वाढले की मागणी वाढते, हा नियम येथेही लागू पडतो. मात्र तो प्रामुख्याने वजनातून व्यक्त न होता प्रतीतून व्यक्त होतो. कुटुंब मासळी सोडत नाही, तर महाग मासळीकडून स्वस्त मासळीकडे वळते. परिणामी केवळ किलोग्रॅम व रुपये मोजणाऱ्या आकडेवारीत कुटुंबाची ओढाताण दिसत नाही. वार, श्रावण, मासेमारी बंदीचा काळ आणि शाकाहारी कुटुंबांची लक्षणीय संख्या या स्थानिक वैशिष्ट्यांचा विचार केल्याशिवाय उपनगरांतील मागणीचा अभ्यास अपुरा राहतो, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : मागणीची लवचिकता, उत्पन्न परिणाम, पर्यायता परिणाम, एकक मूल्य, उपभोग खर्च, मुंबई उपनगरे.

१. प्रस्तावना

मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा १९९० मध्ये अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ९३.५७ लाख होती. पश्चिमेकडे अंधेरी, बोरिवली आणि पूर्वेकडे घाटकोपर, मुलुंड अशा या पट्ट्यात आहाराच्या अनेक परंपरा शेजारी शेजारी नांदतात. अंधेरीच्या पश्चिमेस वेसाव्याचा कोळीवाडा आहे, तर पूर्वेस मरोळला सुक्या मासळीचा बाजार भरतो. बोरिवलीत गोराईची कोळी वस्ती, आय. सी. कॉलनीतील ख्रिस्ती कुटुंबे आणि गुजराती व जैन कुटुंबांच्या गृहनिर्माण संस्था एकाच प्रभाग-परिसरात आढळतात. घाटकोपरला एका बाजूस जैन देरासरे, तर दुसऱ्या बाजूस रमाबाई आंबेडकर नगर आणि भटवाडीतील कोकणी चाळी आहेत. मुलुंडचे चित्रही यापेक्षा फार वेगळे नाही.

अशा परिसरात ‘मांस-मासळीची सरासरी मागणी’ या शब्दप्रयोगाला नेमका कोणता अर्थ उरतो, हा या लेखापुढील मूळ प्रश्न आहे. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात मागणीचा नियम शिकविताना आपण बहुधा चहा-कॉफी किंवा गहू-तांदूळ यांची उदाहरणे देतो. मासळीचे उदाहरण घेतल्यास तोच नियम अधिक गुंतागुंतीचा, पण विद्यार्थ्याच्या अनुभवाला अधिक जवळचा ठरतो. अर्थशास्त्राखेरीज गृहविज्ञान, समाजशास्त्र, भूगोल व सांख्यिकी या विषयांच्या अध्यापकांनाही हा विषय उपयुक्त वाटेल, अशी अपेक्षा आहे.

२. मूलभूत संकल्पना

एखाद्या वस्तूच्या किमतीत ठरावीक टक्के बदल झाला असता मागणीत किती टक्के बदल होतो, या प्रमाणास मागणीची किंमत लवचिकता म्हणतात. ही संकल्पना आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० च्या आपल्या ग्रंथात पद्धतशीरपणे मांडली. समजा, मटणाचा भाव २० टक्क्यांनी वाढला आणि एखाद्या कुटुंबाची मटणाची खरेदी १५ टक्क्यांनी घटली, तर लवचिकता उणे ०.७५ येते. उत्पन्नातील बदलामुळे मागणीत होणाऱ्या बदलाचे प्रमाण म्हणजे उत्पन्न लवचिकता आणि एका वस्तूच्या किमतीमुळे दुसऱ्या वस्तूच्या मागणीत होणाऱ्या बदलाचे प्रमाण म्हणजे छेदक लवचिकता होय. मटण महागल्यामुळे कोंबडीची मागणी वाढली, तर छेदक लवचिकता धन असून त्या दोन्ही वस्तू परस्परांना पर्यायी आहेत, असे म्हणता येते.

किंमतवाढीचा परिणाम दोन मार्गांनी होतो. महागलेली वस्तू इतर वस्तूंच्या तुलनेत महाग झाल्यामुळे ग्राहक पर्यायाकडे वळतो, हा पर्यायता परिणाम होय. त्याच वेळी तेवढ्याच पैशांत पूर्वीपेक्षा कमी वस्तू येत असल्यामुळे त्याचे वास्तव उत्पन्न घटते, हा उत्पन्न परिणाम होय. संपन्न कुटुंबाच्या एकूण खर्चात मासळीचा वाटा लहान असल्याने तेथे उत्पन्न परिणाम जवळजवळ जाणवत नाही. हातावर पोट असणाऱ्या कुटुंबात मात्र तो प्रकर्षाने जाणवतो.

येथे एका जुन्या निरीक्षणाचे स्मरण उपयुक्त ठरेल. गिफेन यांचा हवाला देऊन मार्शल यांनी असे नोंदविले होते की, पाव महागल्यावर इंग्लंडमधील गरीब मजूर कुटुंबे मांसावरील खर्च कमी करून अधिक पाव घेतात. या उदाहरणाची चर्चा बहुधा पावाच्या अंगाने होते. मांसाच्या अंगाने पाहिल्यास त्यातून निराळाच बोध होतो. गरीब कुटुंबाची मांसाची मागणी मांसाच्या भावाइतकीच धान्याच्या भावावरही अवलंबून असते. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखालील लाभार्थ्यांना जानेवारी २०२३ पासून धान्य मोफत मिळू लागले. या निर्णयाचा परिणाम तांदळाच्या डब्यापुरता मर्यादित न राहता रविवारच्या कालवणापर्यंत पोहोचू शकतो, तो याच कारणाने.

३. उत्पन्न आणि मागणी

सॅक्सनीतील सांख्यिकीतज्ज्ञ अर्न्स्ट एंजेल यांनी १८५७ मध्ये दाखवून दिले की, उत्पन्न वाढते तसतसा एकूण खर्चातील अन्नाचा वाटा घटत जातो. भारतातील आकडेवारी या नियमाला दुजोरा देते. २०२२–२३ च्या घरगुती उपभोग खर्च पाहणीनुसार ग्रामीण भारतात दरडोई मासिक उपभोग खर्च ३,७७३ रुपये होता व त्यात अन्नाचा वाटा सुमारे ४६ टक्के होता. शहरी भारतात हाच खर्च ६,४५९ रुपये व अन्नाचा वाटा सुमारे ३९ टक्के होता.

अन्नावरील खर्चाची अंतर्गत रचना अधिक बोलकी आहे. गेल्या दोन दशकांत एकूण खर्चातील तृणधान्याचा वाटा झपाट्याने घसरला. त्याच काळात अंडी, मासे व मांस यांचा वाटा टिकून राहिला किंवा वाढला. २०२२–२३ मध्ये शहरी भारतात हा वाटा सुमारे ३.६ टक्के व ग्रामीण भारतात सुमारे ४.९ टक्के होता. याचा अर्थ असा की, उत्पन्न वाढू लागल्यावर कुटुंब आपल्या ताटातील भाताचा ढीग वाढवीत नाही, तर भातासोबतचा पदार्थ बदलते.

या संदर्भात महाराष्ट्राच्या आकडेवारीवरील एका अभ्यासाचा उल्लेख अपरिहार्य आहे. शंकर सुब्रमणियन व अँगस डीटन यांनी राष्ट्रीय नमुना पाहणीच्या १९८३ च्या ३८ व्या फेरीतील ग्रामीण महाराष्ट्राच्या कुटुंबांची माहिती वापरून १९९६ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. एकूण खर्च वाढल्यावर अन्नावरील खर्च त्याच्या सुमारे तीन-चतुर्थांश प्रमाणात वाढतो, परंतु या वाढीचा साधारण निम्माच भाग अधिक उष्मांक मिळविण्यासाठी जातो व उरलेला भाग अधिक महाग उष्मांकांसाठी, म्हणजे वरच्या प्रतीच्या अन्नासाठी जातो, असा त्यांचा निष्कर्ष होता. डीटन यांना पुढे २०१५ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा अभ्यास ग्रामीण भागाचा असला तरी ‘वजन’ व ‘प्रत’ यांत त्याने केलेला भेद उपनगरांतील मासळीच्या मागणीस तंतोतंत लागू पडतो.

४. मासळीची उतरंड

मासळी ही एक वस्तू नसून ती वस्तूंची उतरंड आहे. उपनगरांतील कोणत्याही मंडईत पापलेट, सुरमई, रावस व मोठी कोळंबी वरच्या पायरीवर असतात. त्यांखाली हलवा, बांगडा, बोंबील येतात आणि त्याही खाली मांदेली व इतर बारीक मासळी येते. गोड्या पाण्यातील रोहू-कटला यांची स्वतंत्र पायरी आहे. पापलेटाला महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये राज्य मासा म्हणून घोषित केले. तथापि, निर्यातीसाठी असलेली मागणी व घटती आवक यांमुळे मोठे पापलेट सर्वसामान्य कुटुंबाच्या नित्याच्या आहारातून केव्हाच बाहेर पडले आहे.

सुकी मासळी म्हणजे गरिबांची वस्तू, असेही सरसकट म्हणता येत नाही. जवळा व सुकट स्वस्त असतात, पण सोड्यांचा भाव ताज्या मासळीलाही मागे टाकतो. सुक्या मासळीची मागणी काळाच्या अंगानेही पाहावी लागते. उन्हाळ्यात, भाव त्या मानाने आवाक्यात असताना, मरोळसारख्या बाजारातून पावसाळ्याची बेगमी करणारी गृहिणी भविष्यातील भाववाढीचा अंदाज बांधून आजची मागणी ठरवीत असते.

भाव वाढल्यावर कुटुंब काय करते, हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट करता येईल. पुढील आकडे केवळ स्पष्टीकरणासाठी घेतले आहेत. समजा, घाटकोपरमधील पाच जणांचे एक कुटुंब महिन्याला ८०० रुपये दराने २ किलो सुरमई आणि २५० रुपये दराने ३ किलो बांगडा घेते. एकूण खरेदी ५ किलो, खर्च २,३५० रुपये आणि सरासरी दर किलोला ४७० रुपये होतो. आता दोन्ही माशांचे भाव २० टक्क्यांनी वाढले. सुरमई ९६० व बांगडा ३०० रुपये झाला. गृहिणी सुरमई १ किलोवर आणते व बांगडा ४ किलो करते. एकूण खरेदी पुन्हा ५ किलोच राहते, पण खर्च २,१६० रुपये व सरासरी दर ४३२ रुपये होतो.

हे उदाहरण बारकाईने पाहण्यासारखे आहे. प्रत्येक माशाचा भाव २० टक्क्यांनी वाढलेला असताना कुटुंबाने दिलेला सरासरी दर मात्र सुमारे ८ टक्क्यांनी घटला. खर्चास वजनाने भागून येणाऱ्या या दरास एकक मूल्य म्हणतात. जो अभ्यासक एकक मूल्यालाच किंमत समजेल, तो ‘मासळी स्वस्त झाली, लोकांनी खरेदी तेवढीच ठेवली, म्हणून मागणी अलवचिक आहे’ असा निष्कर्ष काढील. प्रत्यक्षात कुटुंबाने सुरमईची खरेदी निम्म्यावर आणली आहे. २०११–१२ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीच्या प्रश्नावलीत पापलेटापासून मांदेलीपर्यंतची सर्व मासळी व कोळंबी एकाच नोंदीत समाविष्ट होती, हे लक्षात घेतल्यास या धोक्याची व्याप्ती ध्यानात येते.

यात मोजमापाची आणखी एक अडचण आहे. उपनगरांतील मंडईत व दारोदार फिरणाऱ्या कोळणीच्या पाटीत बारीक मासळी वजनावर विकली जात नाही. ती ‘वाट्या’वर विकली जाते. पापलेट जोडीवर किंवा नगावर घेतले जाते. भाव वाढतो तेव्हा शंभर रुपयांचा वाटा शंभरालाच राहतो, पण त्यातील बोंबील सहावरून चारवर येतात. घासाघीस होते तीही बहुधा रुपयांवर न होता ‘अजून एक टाक’ या शब्दांत होते. येथे किंमत स्थिर राहून वजन बदलते. त्यामुळे ‘तुम्ही किती किलो मासळी घेतली?’ या प्रश्नाला प्रामाणिक उत्तरदातीही अंदाजानेच उत्तर देऊ शकते.

५. कोंबडी, मटण आणि पर्यायांची साखळी

मांसाच्या बाबतीत गेल्या अर्धशतकातील सर्वांत मोठा बदल म्हणजे सापेक्ष किमतींचा बदल होय. एकेकाळी कोंबडी हा पाहुणचाराचा व सणावाराचा पदार्थ होता. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये व्यंकटेश्वरा हॅचरीजची स्थापना केली आणि पुढील दशकांत ब्रॉयलर कोंबडीचे संघटित उत्पादन विस्तारले. बोकडाच्या मांसाचा पुरवठा मात्र तशा वेगाने वाढविता येत नाही. परिणामी मटण महाग होत गेले व कोंबडी तुलनेने स्वस्त राहिली. आज अनेक मध्यमवर्गीय घरांत दर आठवड्याला चिकन असते आणि मटण पाहुण्यांसाठी राखून ठेवले जाते. त्यांच्या आवडीनिवडी बदलल्या असतील, पण त्यापूर्वी भावांचे परस्परप्रमाण बदलले, हे विसरता येत नाही.

कोंबडीच्या भावाची मुळे शेतात असतात. तिच्या खाद्यात मका व सोयापेंड हे मुख्य घटक आहेत. २०२१ मध्ये सोयापेंडेचे भाव इतके कडाडले की, केंद्र शासनाने ऑगस्ट महिन्यात १२ लाख टन जनुकीय परिवर्तित सोयापेंड आयात करण्यास परवानगी दिली. सोयाबीनच्या बाजारातील चढउतार अशा रीतीने मुलुंडच्या चिकन सेंटरमधील फलकावर उमटतात.

पर्याय नाहीसा झाल्यास काय होते, याचे उदाहरण कायद्याने पुरविले आहे. महाराष्ट्र पशुसंरक्षण अधिनियमातील १९९५ च्या दुरुस्तीस राष्ट्रपतींची मंजुरी मिळाल्यावर मार्च २०१५ पासून राज्यात गायींप्रमाणेच बैल व वळू यांच्या कत्तलीसही बंदी झाली. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कत्तलबंदी कायम ठेवली, परंतु राज्याबाहेरून आणलेले असे मांस बाळगणे गुन्हा ठरविणारी तरतूद रद्द केली. या कायद्याच्या धार्मिक व राजकीय बाजूंची चर्चा पुष्कळ झाली आहे. मागणीच्या दृष्टीने पाहता, गरीब मुस्लिम, ख्रिस्ती व दलित कुटुंबांपैकी ज्यांच्या आहारात हे मांस होते, त्यांच्या उतरंडीतील एक स्वस्त पायरी काढून घेतली गेली. त्यांना म्हशीचे मांस, कोंबडी, अंडी किंवा डाळ यांपैकी एकाकडे वळणे भाग पडले. अशा वेळी झालेला बदल हा आवडीतील बदल नसून उपलब्धतेतील बदल असतो.

मागणी वक्रावरील हालचाल आणि मागणी वक्राचे स्थलांतर यांतील भेद विद्यार्थ्यांना समजावून सांगणे अनेकदा कठीण जाते. महाराष्ट्रात त्याची दोन ठळक उदाहरणे आहेत. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लूचा देशातील पहिला प्रादुर्भाव आढळला. २०२० च्या प्रारंभी कोंबडी खाल्ल्याने करोना होतो, अशी अफवा पसरली. दोन्ही वेळी कोंबडीचे भाव कोसळले, तरीही ग्राहक दुकानाकडे फिरकले नाहीत. किंमत घटूनही मागणी घटली, कारण संपूर्ण मागणी वक्रच डावीकडे सरकला होता. विश्वास हा घटक किमतीपेक्षा प्रबळ ठरू शकतो, हे यातून स्पष्ट होते.

६. पंचांग आणि बाजार

उपनगरांतील बहुसंख्य मराठी हिंदू कुटुंबांत मांसाहाराचे वार ठरलेले असतात. सोमवार, गुरुवार, शनिवार आणि काही घरांत मंगळवारही वर्ज्य असतो. त्यामुळे मागणी बुधवार, शुक्रवार व रविवार या तीन दिवसांत एकवटते. कॅथलिक कुटुंबांत लेंटच्या काळात मांसाऐवजी मासळीला मागणी येते. रमजानमध्ये सायंकाळच्या मांसखरेदीस जोर येतो. आषाढ अमावास्येला म्हणजे गटारीला कोंबडी-मटणाच्या दुकानांसमोर रांगा लागतात आणि दुसऱ्या दिवसापासून श्रावणात ती दुकाने ओस पडतात.

एका समूहाचा संयम हा दुसऱ्या समूहासाठी स्वस्ताई ठरतो, ही बाब येथे लक्षणीय आहे. श्रावण न पाळणाऱ्या कुटुंबास श्रावणात कोंबडी स्वस्त मिळते, कारण शेजारचे कुटुंब ती घेत नाही. दोन्ही कुटुंबे एकाच बाजाराने बांधलेली आहेत.

पुरवठ्याच्या बाजूने मासेमारी बंदीचा काळ महत्त्वाचा आहे. माशांच्या प्रजननासाठी अलीकडच्या वर्षांत केंद्र शासन पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असा ६१ दिवसांचा बंदी काळ जाहीर करते. परंपरेने कोळी समाज नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करून नव्या हंगामाचा आरंभ करतो. बंदीच्या काळात ताज्या समुद्री मासळीचे भाव चढतात व कुटुंबे खाडीची मासळी, रोहू-कटला, सुकी मासळी किंवा कोंबडी यांकडे वळतात.

संशोधकाच्या दृष्टीने येथे एक दुर्मीळ सोय उपलब्ध आहे. बंदीचा काळ इंग्रजी दिनदर्शिकेनुसार ठरतो, तर श्रावण चांद्रमासानुसार पुढेमागे सरकतो. २०२४ मध्ये श्रावण ५ ऑगस्टला सुरू झाला. त्यामुळे बंदी उठल्यानंतरचे पहिले चार दिवस आणि ४ ऑगस्टच्या रविवारी आलेली गटारी एकत्र आली. नौका समुद्रात होत्या आणि ग्राहकही उत्सुक होते. याउलट २०२५ मध्ये श्रावण २५ जुलैलाच, म्हणजे बंदी संपण्यापूर्वी, सुरू झाला. २०२३ मध्ये तर अधिक मासामुळे श्रावण १८ जुलैपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत लांबला व कोणता श्रावण पाळायचा, याचा निर्णय घरोघरी वेगवेगळा झाला. पुरवठ्यातील घट व मागणीतील घट एरवी एकमेकींत मिसळलेल्या असतात. दोन पंचांगांतील या सरकत्या अंतरामुळे त्या अलग करून पाहता येतात. अशा वर्षांतील मंडईच्या भावांची दैनंदिन नोंद ठेवणे कोणत्याही महाविद्यालयाला सहज शक्य आहे.

७. शून्य मागणीचा अर्थ

नमुना नोंदणी प्रणालीच्या २०१४ च्या पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ वर्षे व त्यावरील लोकसंख्येत सुमारे ४० टक्के व्यक्ती शाकाहारी होत्या. गुजरातमध्ये हे प्रमाण सुमारे ६१ टक्के व राजस्थानात सुमारे ७५ टक्के होते. या तिन्ही राज्यांशी नाते सांगणारी कुटुंबे बोरिवली, मुलुंड व घाटकोपर येथे मोठ्या संख्येने राहतात. अशा ठिकाणी पाहणी केल्यास अनेक कुटुंबांची मांस-मासळीची खरेदी शून्य आढळेल.

परंतु सर्व शून्ये सारखी नसतात. जैन कुटुंबाचे शून्य हे श्रद्धेचे शून्य आहे. भाव निम्म्यावर आला तरी ते बदलणार नाही. मराठी कुटुंबाचे शून्य हे श्रावणाचे किंवा पाहणीच्या आठवड्यातील वारांचे असू शकते. २०२२–२३ च्या पाहणीत अंडी, मासे व मांस यांच्या खरेदीची माहिती मागील सात दिवसांपुरती विचारण्यात आली होती, हे येथे ध्यानात घ्यावे. तिसरे शून्य परवडत नसल्याचे असते आणि भाव किंवा उत्पन्न थोडेसे बदलले तरी ते नाहीसे होते. चौथे शून्य संकोचाचे असते. शाकाहारी शेजारात मासळीचा वास जाईल म्हणून ती घरी न करणारी कुटुंबे उपनगरांत अपरिचित नाहीत. ज्या वस्तीत मासे विकणारी फिरकत नाही, तेथे रिक्षाभाडे व वेळ हाही किमतीचाच भाग बनतो.

मर्यादित चलाच्या अशा विश्लेषणासाठी जेम्स टोबिन यांनी १९५८ मध्ये मांडलेली पद्धत सर्वपरिचित आहे. तथापि, ती मूलतः तिसऱ्या प्रकारच्या शून्यासाठी उपयुक्त आहे. ‘घ्यायचे की नाही’ आणि ‘किती घ्यायचे’ हे दोन निर्णय वेगळे मानल्याखेरीज उपनगरांतील मागणीचे समीकरण मांडता येणार नाही.

या शून्यांवर सार्वजनिक वादही होतात. २०१५ च्या पर्युषण काळात मीरा-भाईंदर व मुंबई येथील मांसविक्रीच्या बंदीवरून वादंग झाला व मुंबईतील १७ सप्टेंबरच्या विक्रीबंदीस उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. एका समूहाचे श्रद्धेचे शून्य दुसऱ्या समूहावर नियमाने लादावे काय, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या कक्षेबाहेरचा असला, तरी त्याची किंमत कोण मोजतो हे अर्थशास्त्राने सांगितले पाहिजे. शीतकपाट असलेले कुटुंब आदल्या दिवशी खरेदी करू शकते. रोजच्या मजुरीतून रोजचा बाजार करणाऱ्यास व हातगाडीवर अंडी-भुर्जी विकणाऱ्यास ती सोय नसते.

८. ओढाताण कोठे शोधावी?

सुरमईवरून बांगड्यावर येणे म्हणजे कुपोषण नव्हे. बांगडा हा पौष्टिक मासा आहे, सुकट-जवळाही प्रथिनांनी समृद्ध आहे. उतरंडीवरून एक पायरी उतरणे हा कुटुंबाचा शहाणपणाचा निर्णय असतो आणि त्याकडे केवळ दारिद्र्याचे लक्षण म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. चिंतेची बाब दोन ठिकाणी आहे. पहिली, उतरायला पायरीच उरत नाही तेव्हा. जे कुटुंब मुळातच मांदेली व सुकटीवर आहे, त्याला भाववाढीनंतर वजनच कमी करावे लागते. म्हणून संपन्न कुटुंबाची लवचिकता प्रतीतून, तर गरीब कुटुंबाची लवचिकता प्रमाणातून व्यक्त होते. दुसरी, वाटणीत. भाव वाढला की पातेल्यातील तुकडे कमी होतात, रस्सा तेवढाच राहतो. तुकडे कोणाच्या ताटात पडतात, हे मागणीचे कोणतेही समीकरण सांगत नाही. घरातील स्त्री शेवटी जेवत असेल, तर भाववाढीचा भार सर्वप्रथम तिच्या ताटावर येण्याचा संभव असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी–५ (२०१९–२१) नुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. त्याची कारणे अनेक असली, तरी लोहयुक्त अन्नाच्या वाटणीचा प्रश्न या आकड्याच्या संदर्भात दुर्लक्षिता येत नाही.

आकडेवारीतील खंडही लक्षात घ्यावा लागतो. २०१७–१८ ची उपभोग खर्च पाहणी प्रसिद्ध न करण्याचा निर्णय झाल्यामुळे २०११–१२ नंतर थेट २०२२–२३ चे चित्र आपल्यापुढे आले. या अकरा वर्षांत कुटुंबांनी उतरंडीवर किती वेळा चढउतार केली, याची नोंद कोठेही नाही.

९. समारोप

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. उपनगरांतील मांस-मासळीची मागणी किंमत व उत्पन्न यांना निश्चितपणे प्रतिसाद देते. हा प्रतिसाद बव्हंशी प्रतीच्या बदलातून मिळत असल्याने एकूण वजन व सरासरी दर यांत तो झाकला जातो. श्रद्धा, वार, ऋतू व शेजार हे घटक कोण, केव्हा व कोठे खरेदी करील हे ठरवितात. त्या मर्यादेतच किंमत व उत्पन्न आपले कार्य करतात.

यावर उपाय म्हणून फार मोठ्या साधनसामग्रीची आवश्यकता नाही. अर्थशास्त्र, गृहविज्ञान व सांख्यिकी या विभागांनी एकत्र येऊन आपल्या परिसरातील थोड्या कुटुंबांच्या वर्षभराच्या नोंदी घेतल्या, तरी पुष्कळ काही साध्य होईल. या नोंदींत पाच गोष्टी असाव्यात : मासळीचे नाव, खरेदीचा वार, वाट्यातील नगसंख्या व प्रत्यक्ष वजन, खरेदी न झाल्यास त्याचे कारण आणि घरातील प्रत्येकाच्या ताटात आलेले तुकडे. पहिल्या चार नोंदी मंडईत व पिशवीत मिळतील. पाचवी नोंद स्वयंपाकघरात बसून, जेवणे होईपर्यंत थांबूनच घ्यावी लागेल. भाववाढीचा खरा भार कोणावर पडला, हे बहुधा तीच सांगेल.